मदत हवी आहे: बोटीची ट्रॉली आणि इंजिन, दोन्हींनी छळलंय. रविवारच्या आत उपाय हवा

भीमाकाठी_सोलापूर

नमस्कार मंडळी. तीन रविवार वाया गेले, चौथा घालवायचा नाही म्हणून लिहितोय.

चौदा फुटी फायबरची बोट आहे, दिवाळीत सेकंडहँड घेतली. सोलापुरातून गाडीमागं ट्रॉली लावून उजनी धरणावर नेतो. पहिल्याच खेपेला मोडनिंबच्या अलीकडं ट्रॉलीच्या डाव्या चाकातून धूर यायला लागला. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावता येईना. बेरिंगचा चुरा झाला होता. तिथंच नवीन बेरिंग बसवून घेतली. दुसऱ्या खेपेला तेच चाक, या वेळी परतीच्या वाटेवर शेटफळजवळ. महिन्यात दोन बेरिंगा.

तिसऱ्या खेपेला चाकानं साथ दिली तर इंजिन बंद. दहा-बारा मिनिटं झकास चालतं, मग गळा आवळल्यासारखं करून बंद पडतं. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. वारा समोरून, वल्ही मारत काठ गाठायला दीड तास लागला. काठावर ट्रॉली गाळात रुतलेली. ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढायचे बाराशे घेतले.

स्पार्क प्लग बदलून झालाय. बोट विका असं कृपया कुणी सांगू नका. नेमका उपाय सांगा.

ग्रीसगन

दादा, इंजिन कुठलं, किती हॉर्सपॉवरचं, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, टाकी आत की बाहेर, काहीच लिहिलं नाही. बेरिंगचंही तसंच. जुनी बेरिंग काढली तेव्हा ग्रीसचा रंग काय होता? आधी हे सांगा.

माढेकर

रंगाचं काय घेऊन बसलात. मेकॅनिकनं नट आवळून ठेवला असणार. आपल्याकडचे मेकॅनिक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखा जोर लावतात. टेपर बेरिंगचा नट चाक फिरवत आवळायचा, मग थोडा मागं घ्यायचा, बोटानं बसेल इतपत ठेवायचा आणि पिन घालायची. माझ्या उसाच्या ट्रॉलीची दोन बेरिंगं अशीच गेली. नट तपासा, बाकी काही बघू नका.

ग्रीसगन

माढेकर, उसाची ट्रॉली पाण्यात बुडत नाही. बोटीची बुडते, फरक तिथंच आहे. सोलापुरातून इंदापूरच्या बाजूला शंभरावर किलोमीटर जायचं, मे महिन्याचं ऊन, तापलेला डांबरी रस्ता. हब चांगलाच तापतो. तशीच ट्रॉली पाण्यात घातली की हबातली हवा एकदम आकसते आणि सीलमधून, म्हणजे बेरिंगमागच्या रबरी कडीतून, पाणी आत ओढून घेते. मग ग्रीस ताकासारखं पांढरट होतं. परतीच्या वाटेवर त्या पाण्यावर बेरिंग फिरते आणि जळते. म्हणून रंग विचारला.

कायदा_आधी

ट्रॉलीची आरटीओकडं नोंदणी आहे का? बोटीची? इंजिनाच्या बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. जलाशय जलसंपदा खात्याचा आहे, तिथली परवानगी घेतलीत का? उद्या काही झालं तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारणार.

भीमाकाठी_सोलापूर

कायदासाहेब, कागद सगळे आहेत, तो माझा प्रश्न नाही.

ग्रीसगन, रंग आठवतोय. पांढरट, फेसाळ, अगदी ताकासारखा. पहिल्या वेळीही तसाच. पण पहिल्या वेळी मी पाण्यात गेलोच नव्हतो, जाताना वाटेतच गेली.

इंजिन १५ हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक. टाकी बाहेरची, लाल प्लॅस्टिकची, नळीला हातानं दाबायचा रबरी फुगा असलेली.

ग्रीसगन

बोट घेतली कुठून?

भीमाकाठी_सोलापूर

कोकणातून. विकणाऱ्यानं ट्रॉली एकदम नवी म्हणून सांगितलं होतं.

ग्रीसगन

झालं तर मग. पहिली बेरिंग समुद्राच्या पाण्यानं खाल्ली. खारं पाणी आत शिरून महिनोन् महिने बसलेलं असणार. दुसरी तुम्ही तापल्या हबानं पाण्यात घातली. बेरिंग बदलली पण सील जुनंच ठेवलं असेल, तर तिसरीही जाईल. नवीन ऑइल सील, पाण्यात न धुऊन जाणारं ग्रीस, आणि काठावर पोचल्यावर अर्धा-पाऊण तास चहा घ्या. हब हाताला गार लागला की मगच ट्रॉली पाण्यात. दुसरं म्हणजे ट्रॉलीचं चाक गाडीच्या चाकापेक्षा लहान असतं, त्याच वेगाला त्याचे फेरे जास्त होतात. साठच्या वर जाऊ नका आणि दर तीस-चाळीस किलोमीटरला थांबून हबवर हात ठेवा. सावळेश्वर आणि वरवडेच्या टोलनाक्यांना तसंही थांबावं लागतंच.

माढेकर

सील बदला, हरकत नाही. पण नटही तपासा. मी काही चुकीचं सांगत नाही.

ऊसवाला_अकलूज

इंजिन बंद पडतंय त्याचं कारण पेट्रोल. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषून घेतं. टाकीत महिना-दोन महिने पेट्रोल पडून राहिलं की पाणी खाली बसतं. टाकी रिकामी करून ताजं भरा. पण याचा अर्थ इथेनॉल वाईट असा कुणी काढू नये. ते उसापासून होतं, त्यामुळंच कारखान्यांकडून आमची उसाची बिलं जरा वेळेवर येतात.

रेडिएटर

वेळेवर बिलं? कुठल्या कारखान्याची, ते तरी सांगा. आणि जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या इथेनॉलनं मऊ पडतात, तो खर्च शेतकरी देणार आहे का?

ऊसवाला_अकलूज

रेडिएटर, तुम्ही पुण्यात बसून बोलताय. दुष्काळात उजनीचं पाणी मायनसमध्ये गेल्यावर ऊस कसा जगवतात ते एकदा येऊन बघा.

ग्रीसगन

भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या राव. माणसाला रविवारी जायचंय.

खाडीतला_खलाशी

दहा मिनिटं चालून बंद, थांबलं की पुन्हा चालू, याची मुख्य दोन कारणं. एक, इंजिन तापतंय. चालू असताना मागून पाण्याची धार येते का? पातळ किंवा तुटक येत असेल तर आतला रबरी पंखा गेला किंवा पाणी ओढायची जाळी जलपर्णीनं, शेवाळानं बुजली. दोन, टाकीला हवा मिळत नाही. टाकीच्या झाकणावर छोटा स्क्रू असतो. नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि चालवताना उघडायचं राहून जातं. इंजिन पेट्रोल ओढत राहतं, टाकीत हवा जात नाही, शेवटी ओढ संपते. थांबल्यावर कुठून तरी थोडी हवा शिरते, पुन्हा दहा मिनिटं.

बंद पडल्यावर नळीवरचा फुगा कसा असतो, फुगलेला की चपटा?

भीमाकाठी_सोलापूर

धार चांगली येते, कोमट. फुगा बघितला नाही. झाकणावर स्क्रू आहे खरा, मी त्याला कधी हात लावलेला नाही.

खाडीतला_खलाशी

मग आधी तो सैल करा. पुढच्या वेळी बंद पडलं तर फुगा बघा. चपटा झालेला असेल आणि झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला, तर दुसरं काही शोधू नका. पेट्रोलमध्ये तेल किती घालता? इंजिनाच्या पुस्तकात ५० ला १ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिली. अंदाजानं ओतू नका.

पाखरू_ताई

इंजिनाबद्दल मला काही कळत नाही, पण विनंती आहे. कुंभारगाव, भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी बसलेले असतील तर इंजिन लांबूनच बंद करा. बोट अंगावर गेली की अख्खा थवा उठतो, खाणं सोडून. आम्ही तिथं स्थानिक होडीवाल्यांबरोबर जातो, ते वल्ह्यानं किंवा बांबूनं नेतात. पट्टकादंब हंस बघायचे असतील तर हिवाळ्यात या, आता मिळणार नाहीत.

खवय्या_जुळे_सोलापूर

भिगवणला जाताय तर चिलापीचं कालवण खाऊनच परत या. सोबत बाजरीची भाकरी मागा. ते एवढं लांब जाण्यासारखं आहे.

भीमाकाठी_सोलापूर

ताई, पक्ष्यांचं लक्षात ठेवतो. भिगवणपर्यंत जाणार नाही, पळसदेवच्या बाजूला उतरतो.

रेडिएटर

एक विचारतो. रविवारीच का? पावसाळ्यानंतर पाणी वाढेल, काठही सोपा होईल, गाळाचा त्रास नाही. एवढी घाई कशाला?

भीमाकाठी_सोलापूर

पाणी वाढायच्या आत जायचंय, म्हणूनच घाई.

वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. आमचं गाव उजनीत गेलं. गाव उठलं तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. सामान बैलगाडीतून काढलं, पण देवघराची चौकट मागं राहिली, हे ते आजही सांगतात. १९८० ला धरण पुरं झालं तेव्हा आम्ही सोलापुरात भाड्याच्या खोलीत होतो. यंदा पाणी उतरलंय. पळसनाथाचं देऊळ बाहेर आलंय. तिथून आमच्या गावाची जागा दिसते असं ते म्हणतात. गुडघ्यांमुळं गाळातून चालणं जमत नाही, म्हणून बोट घेतली. हे आधी लिहायला हवं होतं, पण मला फक्त बेरिंगचं विचारायचं होतं.

करमाळ्याचा_कोळी

भाऊ, तुमचं वाचलं. आमच्या आज्याचं घरबी त्याच पाण्यात हाय. म्हणून सांगतो, नीट ऐका.

मे महिन्यात दुपारनंतर उजनीवर जाऊ नका. सकाळी सहाला पाण्यात, दहाच्या आत काठाला. वळवाचं वारं कधी सुटतंय कळत न्हाई, पंधरा मिनिटांत पाणी उठतंय. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट अशाच वादळात उलटली. सहा जण गेले, एक पोहून बाहेर आला. आम्ही रोज पाण्यावर असतो तरी तो दिवस विसरलो न्हाई. वडलांना लाइफ जॅकेट घाला, नुसतं जवळ ठेवू नका. तुम्हीबी घाला.

दुसरं, पाणी उतरलं की जुन्या भिंती, विहिरी, बाभळीचे बुडखे पाण्याच्या जरा खाली असतात. इंजिन हळू ठेवा. आमची जाळी असतात, बाटल्या तरंगताना दिसल्या की लांबून जा. जाळं पंख्यात गुतलं तर उलटं फिरवू नका, इंजिन वर उचलून हातानं काढा.

गाळाचं म्हणाल तर गाडी गाळात घालायचीच न्हाई. काळ्या गाळावर वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली गुडघाभर. गाडी कठीण जागी ठेवा, ट्रॉली हुकवरून सोडा, जाड दोर बांधून सहा माणसांनी खाली न्या. चाकाखाली फळ्या टाका. वर ओढताना गाडीनं दोर ओढायचा, पण गाडी कठिणावरच.

माढेकर

करमाळ्याचे भाऊ बोलले ते सोळा आणे खरं. मी रविवारी मोकळा आहे. दोर आणि फळ्या घेऊन टेंभुर्णीला थांबतो. नट मी स्वतः बघणार.

ग्रीसगन

एक राहिलं. गाडीचा मागचा भाग सत्तरला डुलतो का?

भीमाकाठी_सोलापूर

डुलतो. मला वाटलं, ट्रॉली म्हणजे असंच असतं.

ग्रीसगन

तसं नसतं. इंजिन, पेट्रोल, बॅटरी सगळं मागं, म्हणजे शेपूट जड आणि हूक हलका. बोटीसकट ट्रॉली ४०० किलोची असेल तर हुकावर ४० किलोच्या आसपास वजन यायला हवं. घरातला वजनकाटा विटांवर ठेवा, ट्रॉली आडवी सरळ राहील इतका उंच, आणि हूक त्यावर टेकवून बघा. कमी असेल तर बोट ट्रॉलीवर पुढं सरकवा, पेट्रोलची टाकी गाडीच्या डिकीत न ठेवता बोटीत पुढच्या भागात बांधा. ही डुलकी नुसती त्रासाची नाही, उतारावर ती गाडी उलटवते.

खाडीतला_खलाशी

आणि बोटीच्या मागच्या, पाणी काढायच्या भोकाचं बूच. पाण्यात घालायच्या आधी हात लावून बघा. कोकणात अनुभवी माणसंही विसरतात.

भीमाकाठी_सोलापूर

रविवार झाला. उशिरा लिहितोय, माफ करा.

काट्यावर हूक फक्त १८ किलो भरला. बोट जवळजवळ वीतभर पुढं घेतली, टाकी पुढं बांधली, ४२ झाला. साठच्या वर गेलो नाही, गाडी एकदाही डुलली नाही. डाव्या चाकाला नवीन सील, नवीन बेरिंग. सावळेश्वरला हात लावला, कोमट. टेंभुर्णीला माढेकर काका फळ्या घेऊन पहाटे साडेचारला उभे होते. त्यांनी नट बघितला. खरंच जास्त आवळलेला होता. म्हणजे दोघांचंही बरोबर होतं.

काठावर पाऊण तास थांबलो. झाकणावरचा स्क्रू सैल केला. इंजिन चाळीस मिनिटं एका दमात चाललं.

देवळाजवळ वडिलांनी इंजिन बंद करायला सांगितलं. शिखराकडं पाठ करून ते पूर्वेला बघत बसले, मग हात करून म्हणाले, ती बाभळ दिसतीय का, तिच्या अलीकडं आपला आड. मला बाभळ दिसली, आड पाण्यात होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. साडेनऊला वारा जरा हलला तसे आम्ही फिरलो. जॅकेट त्यांनी काठाला येईपर्यंत काढलं नाही.

आता उजव्या चाकाचं सील बदलायचंय. तेही कोकणातलं जुनंच आहे. सोलापुरात दुकानदार माप विचारतो, ते कसं सांगायचं?

ग्रीसगन

जुनं सील काढून काठावर बघा, तीन आकडे कोरलेले असतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. पुसले गेले असतील तर डाव्या चाकाचं नवीन सील ज्या डबीतून आलं ती डबी घेऊन जा. मंगळवार पेठेत मिळेल.

माढेकर

बेरिंगपण बदलूनच घ्या. सोमवारी मी सोलापुरात येतोय, सोबत जाऊ.