ओल्ड-टाइम फिडल: सूर लागतात, पण गंमत येत नाही

सावनी_डरहॅम

नमस्कार मंडळी. मी नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला राहते. लहानपणी ठाण्यात व्हायोलिन शिकले, हिंदुस्थानी, मांडी घालून. इथे घराजवळ ओल्ड-टाइमवाले, म्हणजे अमेरिकेतलं जुनं लोकसंगीत वाजवणारे, जमतात. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, गिटार घेऊन गोल करून बसतात आणि एकच धून घोळवत राहतात. मला फार म्हणजे फार आवडलंय. 'अँजेलिन द बेकर' ही धून ऐकून ऐकून बसवली, सूर सगळे बरोबर आहेत, पण नवरा म्हणतो भजन वाटतंय. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नाही. पुस्तक घेऊन ते शिकू का? आणि खाली बसून वाजवलं तर हसतील का?

गजाधर

सावनीताई, नवऱ्याचा कान चांगला आहे! पुस्तक राहू द्या. ही धून जवळपास भूप रागाच्याच पाच सुरांत आहे, त्यामुळे हात आपोआप मींड घेतो (सुरावरून सुरावर घसरतो) आणि सूर लांबवतो. तिथेच भजन होतं. मींड आणि कंप दोन्ही बंद करा.

खरं काम उजव्या हाताचं. एक लांब गज, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड. १-२-३-४ मोजलंत तर वजन २ आणि ४ वर पडायला हवं. डावा हात बाजूला ठेवून नुसत्या मोकळ्या तारांवर हे करा, घरचे वैतागेपर्यंत. मग त्यात सूर घाला. आणि एका तारेवर धून चालू असताना शेजारची तार मधूनमधून घासली गेलीच पाहिजे. आपल्याकडे याला गुरुजी रागावतील, इथे ते नसेल तर कोरडं वाटतं.

ऐकायचं तर फिडलर टॉमी जॅरेल. तुमच्याच राज्यातला, माउंट एअरीजवळचा. रस्ते सपाट करणारं यंत्र चालवायचा, निवृत्तीनंतर देशभरातली पोरं त्याच्या घरी शिकायला येऊन राहायची. १९८५ मध्ये गेला. दुसरा हेन्री रीड, व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचा. अ‍ॅलन जबूर या लोकसंगीत अभ्यासकाने १९६६-६७ मध्ये त्याचं वादन ध्वनिमुद्रित केलं, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहे. एका वेळी एकच धून घ्या.

बसण्याचं म्हणाल, तर जुने फिडलर वाद्य छातीला टेकवून वाजवत, हनुवटीखाली धरायलाच हवं असं कुणी म्हणत नाही. पण बाकी सगळे खुर्चीवर असतात, तेव्हा तुम्हीही खुर्चीवर बसून छातीशी धरायची सवय केलीत तर त्यांचे हात-पाय दिसतील. ते दिसणं गरजेचं आहे, धून संपवायची खूण म्हणून म्होरक्या पाय उचलतो.

खटपट्या

मी एकदा गेलो होतो. तेच ते, तेच ते. कुणी एकट्याने चार ताना घेत नाही की काही नाही. आधीचा भाग दोनदा, नंतरचा दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा कसा येत नाही लोकांना?

गजाधर

खटपट्याशेठ, आळीपाळीने एकेकट्याने रंगवणं हवं असेल तर ब्लूग्रास नावाचं संगीत वाजवतात तिथे जा. हे नाचाचं संगीत. नाचणारा दमेपर्यंत वाजवायचं, म्हणून फिरत राहतं. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर सगळ्यांचे गज एकत्र हलायला लागतात, मजा त्यात. श्रोता म्हणून गेलात तर कंटाळणारच.

मालती_आजी

सावनी, तुझ्यापासून मेबेन गाव अगदी जवळ. तिथे जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलर होते (१९१८-२०१२). कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स या बँडची मंडळी त्यांच्याकडे बसून शिकली. बँजोचं मूळ आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडे जातं, हे लोक विसरतात आणि ही सगळी डोंगरातल्या गोऱ्यांची मिरास समजतात. जो यांचं ऐक. गज काय दणकट!

सावनी_डरहॅम

आजी, मेबेनवरून तर नेहमी जाते मी! गजाधरदादा, मोकळ्या तारांवर सुरू केलंय, नवऱ्याने दार लावून घेतलं. एक विचारायचं राहिलं. परवा 'क्लक ओल्ड हेन' या धुनेच्या आधी सगळ्या फिडलवाल्यांनी खुंट्या पिळल्या. का?

गजाधर

चार तारांचे नेहमीचे सूर जी-डी-ए-ई, त्यांचं ए-ई-ए-ई केलं. ए ला षड्ज धरा, म्हणजे झालं सा-प-सा-प, कर्नाटकी व्हायोलिनवाले लावतात तसंच. मोकळ्या तारा आपोआप घुमतात. एकदा खुंट्या पिळल्या की तासभर ए मधल्याच धुना चालतात, कारण बँजोवाल्यांनाही तारा बदलाव्या लागतात.

खालच्या दोन्ही तारा (जी आणि डी) एकेक पूर्ण सूर चढवायच्या आहेत. जुन्या असतील तर तुटतील, तोंड लांब ठेवा. घरी सरावाला उलटं करा: वरच्या दोन एकेक सूर उतरवून जी-डी-जी-डी. नातं तेच राहतं, ताण पडत नाही. जॅमला, म्हणजे त्या बैठकीला, जायच्या आधी मात्र नवा संच चढवा आणि जादा तारा सोबत ठेवा.