मेगा ड्राइव्हवर 'मुस्तफा' का नाही? पार्लरची मजा घरी आणायला काय घ्यावं? (सल्ला हवा)

माळावरचा_वारा

नमस्कार मंडळी,

चुलतभावाने घर बदलताना त्याचा सेगा मेगा ड्राइव्ह-२ (टीव्हीला जोडायचं जुनं गेमिंग यंत्र) मला दिला. यंत्र ठणठणीत आहे, दोन पॅड आहेत, सोबत सॉनिक आणि एका फुटबॉलच्या खेळाची कॅसेट. घरात सहावी-आठवीतली मुलं आहेत. आमच्या वेळी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभं राहून जे खेळायचो, ते त्यांना टीव्हीवर दाखवायची फार इच्छा आहे. त्यातही 'मुस्तफा', म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'.

हा खेळ मेगा ड्राइव्हवर मिळतो का? शोधल्यावर सेगा सीडीचा काहीतरी दिसतो, तोच का हा? आणि नसेल तर त्याच्या जवळ जाणारं काय घ्यावं? पार्लरमधले आणखी कोणते खेळ या यंत्रावर यायला हवे होते असं तुम्हाला वाटतं, तेही सांगा. वाचायला आवडेल.

निळी_पणती

नाही हो. मेगा ड्राइव्हवर तो कधी आलाच नाही. सुपर निन्टेन्डोवर नाही, प्लेस्टेशनवरही नाही. कॅपकॉम या कंपनीने १९९३ साली पार्लरसाठी काढला आणि तो तिथेच राहिला.

सेगा सीडीवरचा तुम्हाला दिसला तो 'द सेकंड कॅटॅक्लिझम', १९९४ चा, रॉकेट सायन्स गेम्स या कंपनीचा. पात्रं तीच, पण त्यात गाडी चालवत अडथळे चुकवायचे आणि गोळ्या झाडायच्या. गल्लीतली मारामारी नाही. त्याला सीडीचं वेगळं यंत्रही जोडावं लागतं. अजिबात घेऊ नका, मुलं हिरमुसतील.

दोन_बटणं

माझ्या मते मेगा ड्राइव्हच्या चाहत्यांना सगळ्यात जास्त चुटपुट लावणारा खेळ हाच. जरा सविस्तर लिहितो.

'यंत्राला झेपला नसता' असं सरसकट म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मेगा ड्राइव्हचा मुख्य प्रोसेसर ६८००० नावाचा, वेग साधारण ७.६७ मेगाहर्ट्झ. पार्लरच्या यंत्रात बसणाऱ्या कॅपकॉमच्या सीपीएस-१ या सर्किट बोर्डावरही ६८०००च, फक्त जास्त वेगाचा. म्हणजे मेंदू एकाच घराण्यातला. अडचण होती चित्रांची. मेगा ड्राइव्ह एका वेळी पडद्यावर ६४ रंग दाखवतो, सीपीएस-१ वर हजारो. आणि खरी गोम पुढे आहे: मेगा ड्राइव्हवर पडद्याच्या एका आडव्या ओळीत हलणाऱ्या चित्रांचे जास्तीत जास्त ३२० पिक्सेल बसतात. मारामारीच्या खेळात सगळे एकाच पट्ट्यात, शेजारी-शेजारी उभे असतात. एक गडी ६४ पिक्सेल रुंद धरला तर पाच गड्यांत ओळ भरली. सहावा आला की कुणाचा तरी हात नाही तर पाय लुकलुकायला लागतो. 'मुस्तफा'त तीन खेळाडू, चार-पाच गुंड आणि मध्येच घुसणारा डायनोसॉर असा मेळा असतो. तो जसाच्या तसा उतरवणं शक्य नव्हतं, हे मान्य.

पण छोटा करून उतरवता आला असता. पुरावा? कॅपकॉमचाच 'द पनिशर'. तोही १९९३ चा, त्याच जातीच्या बोर्डावरचा, बंदुका आणि हाणामारी दोन्ही असलेला. तो १९९४ मध्ये मेगा ड्राइव्हवर आला. चित्रं लहान झाली, रंग उतरले, एका वेळी येणारे गुंड कमी झाले. तरी दोघांनी मिळून खेळायची सोय टिकली आणि खेळ ओळखू येतो. जे 'पनिशर'ला जमलं ते 'मुस्तफा'लाही जमलं असतं. तिघांचं म्हणाल, तर सेगाचं 'टीम प्लेअर' नावाचं चार पॅड जोडायचं उपकरण होतंच की.

आणखी एक गाठ परवान्याची. हा खेळ मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर बेतलेला. जॅक टेनरेक, हॅना डंडी, मुस्तफा कैरो ही सगळी मंडळी तिथून आलेली. शिवाय शीर्षकात कॅडिलॅक, म्हणजे जनरल मोटर्सच्या गाडीचं नाव. कॅपकॉमने २०१८ मध्ये 'बीट एम अप बंडल' काढला तेव्हा त्यात 'फायनल फाइट', 'कॅप्टन कमांडो', 'नाइट्स ऑफ द राउंड', 'किंग ऑफ ड्रॅगन्स', 'वॉरियर्स ऑफ फेट', 'आर्मर्ड वॉरियर्स' आणि 'बॅटल सर्किट' असे सात खेळ होते. 'मुस्तफा' नव्हता. सातही खेळांत दुसऱ्याच्या गाडीचं नाव कुठे नाही, हे बघितलं की अंदाज येतो.

शनवारातला

+१. 'पनिशर'लाही किती वाट पाहावी लागली बघा. पार्लरमधला मूळ 'पनिशर' घरगुती यंत्रांवर अधिकृतपणे आला तो २०२४ च्या 'मार्वल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'मध्ये. तीस वर्षं! 'पनिशर' हे पात्र ज्यांचं, ते मार्व्हल आणि कॅपकॉम एकत्र बसले म्हणून जमलं. 'एलियन व्हर्सेस प्रेडेटर' (१९९४) चंही तसंच, तो २०१९ च्या 'कॅपकॉम होम आर्केड'मध्ये आला, त्या दोन दांड्यांच्या जाडजूड पाटावर. त्यामुळे मी 'मुस्तफा'ची आशा सोडलेली नाही.

तिसरा_भिडू

मला तर हॅना सापडली तरी चालेल. पार्लरमध्ये मुस्तफा आणि जॅक मोठी मुलं पटकवायची, धाकट्यांच्या वाट्याला हॅना नाही तर मेस हा चौथा गडी. पण हॅनाच्या हातात बंदूक-चाकू आले की ती भारी पडते, हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही. आणि तिसरी स्टेज! कॅडिलॅकमध्ये बसून गुंडांना उडवत जायचं, शेवटी मोटारसायकलवाला हॉग. त्या स्टेजसाठी लोक आपलं कॉइन राखून ठेवायचे. तशी स्टेज मेगा ड्राइव्हवरच्या कुठल्याच मारामारीच्या खेळात मला मिळाली नाही.

निळी_पणती

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्याकडच्या यंत्रासाठी माझा क्रम असा:

पहिला 'स्ट्रीट्स ऑफ रेज २'. १९९२ चा. हा पार्लरमधून आलेलाच नाही, मेगा ड्राइव्हसाठीच घडवलेला आहे, आणि म्हणूनच तो पार्लरच्या सगळ्यात जवळ जातो. यंत्राची मर्यादा आधी ओळखून पात्रांचे आकार, गुंडांची संख्या, रंग सगळं त्यात बेतलेलं आहे. आयता खेळ कापून-छाटून बसवलेला नाही. युझो कोशिरो यांचं संगीत ऐकाल तर मुलं खेळायची थांबली तरी तुम्ही बंद करणार नाही. दोघांत खेळता येतो. एवढा एकच घेतलात तरी सुट्टी निघेल.

दुसरा 'टर्टल्स: हायपरस्टोन हाइस्ट', १९९२. पार्लरमधल्या कासवांच्या खेळांतलाच मालमसाला घेऊन बांधलेला. छोटा आहे, पण हात मोकळा चालतो, मुलांना लगेच जमतो.

तिसरा 'गोल्डन अॅक्स'. हा मात्र खरोखर पार्लरमधून आलेला, १९८९ चा. थोडा संथ वाटेल, पण पळणारे ते पिशवीवाले बुटके आणि त्यांच्या मागे धावणारे आपण, ही मजा अजून शिळी झालेली नाही.

'पनिशर' मी चौथा ठेवीन. दोन_बटणं यांच्या पुराव्यासाठी तो उत्तम आहे, खेळण्यासाठी साधारण. आधी 'स्ट्रीट्स ऑफ रेज २' खेळून मग हा लावलात तर फिका पडतो.

दोन_बटणं

क्रम मान्य, पण 'पनिशर'ला एवढं मागे नका टाकू. बंदूक काढली की खेळाचा सगळा नूर पालटतो, ते 'स्ट्रीट्स ऑफ रेज'मध्ये नाही. 'मुस्तफा'ची तहान तिथेच थोडी भागते.

पर्थकर

ऑस्ट्रेलियातून लिहितोय, इथेही भारतासारखीच टीव्हीची पाल पद्धत, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, जी अजून कुणी लिहिली नाही. शॉ वॉलेसने १९९५ पासून भारतात मेगा ड्राइव्ह विकला. तुमचं यंत्र त्यातलं असेल तर ते ५० हर्ट्झवर चालतं, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ५० वेळा बदलतं. पार्लरचे बोर्ड आणि जपान-अमेरिकेतली यंत्रं ६० च्या आसपास. जे खेळ पालसाठी नीट जुळवले नाहीत ते आपल्या यंत्रावर सुमारे १७ टक्के हळू चालतात, संगीतही रेंगाळतं, वर-खाली काळे पट्टे येतात. पार्लरची आठवण असलेल्या माणसाला हे लगेच खटकतं, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. 'गोल्डन अॅक्स संथ वाटेल' असं वर आलंय, त्यातला काही भाग याचाच असणार.

जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडून ५०/६० चा बटण-बदल करून घेता येतो. फार काम नाही. फक्त ज्याने पूर्वी केलंय अशालाच यंत्र द्या. त्याच वेळी प्रदेशाचं बटणही बसवून घ्या, कारण काही खेळ यंत्र कुठल्या देशाचं आहे ते तपासतात आणि नुसती सूचना दाखवून अडून बसतात.

शनवारातला

आणि कॅसेट घेताना जपून. नव्या बनावटीच्या स्वस्त कॅसेटींत पुष्कळदा ३.३ व्होल्टच्या चिप थेट ५ व्होल्टवर लावलेल्या असतात. चालतात, पण यंत्रावर ताण येतो. जुनी अस्सल कॅसेट नाही तर चांगल्या कंपनीची फ्लॅश कॅसेट (मेमरी कार्डावरून खेळ चालवणारी), मधलं काही नको.

'कोणते यायला हवे होते' याला माझं उत्तर 'गोल्डन अॅक्स: द रिव्हेंज ऑफ डेथ अॅडर'. १९९२ चा, सेगाचा स्वतःचा खेळ! परवान्याचा प्रश्न नाही, परक्या कंपनीची मनधरणी नाही. सिस्टिम ३२ हा त्याचा पार्लरचा बोर्ड मेगा ड्राइव्हच्या फार पुढचा होता हे समजतं, पण आपल्या घरचाच खेळ छाटून आणला असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता. त्याऐवजी १९९३ मध्ये 'गोल्डन अॅक्स ३' आला, तो मला कधीच भिडला नाही. 'डेथ अॅडर' शेवटी २०२० च्या अॅस्ट्रो सिटी मिनी या जुने खेळ भरलेल्या छोट्या यंत्रात मिळाला. याच सिस्टिम ३२ वरचा १९९१ चा 'स्पायडर-मॅन' तर आजवर घरी आलेलाच नाही.

तिसरा_भिडू

मग आता कुणी बनवत नाही का? यंत्र तेच आहे, लोक हुशार आहेत.

दोन_बटणं

बनवतात, आणि मला या धाग्यात हेच सगळ्यात आशादायक वाटतं. सेगाने २०१९ मध्ये मेगा ड्राइव्ह मिनी (खेळ आतच भरलेलं छोटं यंत्र) काढला, त्यात 'डरायस' होता. १९८७ चा, पार्लरमध्ये तीन पडदे जोडून चालणारा विमानांचा खेळ. तो त्या काळी मेगा ड्राइव्हवर आलाच नव्हता. एका चाहत्याने तो स्वतःच उतरवायला घेतला होता, त्या कामावरून अधिकृत आवृत्ती तयार झाली. २०२२ च्या मिनी-२ मध्ये तर 'फँटसी झोन', 'सुपर लोकोमोटिव्ह', 'स्पॅटर' असे जुने पार्लरचे खेळ मेगा ड्राइव्हसाठी नव्याने बांधून दिले. म्हणजे 'यायला हवे होते' ही यादी अजून बंद झालेली नाही.

चाहत्यांसाठी एसजीडीके नावाचा संच फुकट उपलब्ध आहे, सी भाषा येत असेल तर त्यावर मेगा ड्राइव्हचे खेळ लिहिता येतात. 'फायनल फाइट' चाहत्यांनी त्यावर उतरवलेला मी पाहिलाय, पडद्यावरची गर्दी बघून थक्क झालो. सुपर निन्टेन्डोच्या पहिल्या अधिकृत आवृत्तीत दोघांचा खेळ नव्हता, गाय हे पात्र नव्हतं आणि कारखान्याची अख्खी स्टेज गायब होती, हे लक्षात घेतलं की या कामाचं मोल कळतं.

निळी_पणती

ज्यांना छाटलेला नको, 'मुस्तफा' मूळ स्वरूपातच हवा, त्यांच्यासाठी एफपीजीए (जिची आतली रचना हवी तशी बदलता येते अशी चिप) हा मार्ग आहे. मिस्टर नावाच्या प्रकल्पात सीपीएस-१ बोर्डाची रचनाच चिपवर उतरवली आहे. मूळ बोर्ड विकत घ्यायचा असेल तर त्यातली बॅटरी आधी विचारा. 'मुस्तफा'च्या बोर्डात आवाजाच्या प्रोग्रामची किल्ली बॅटरीवर जिवंत ठेवलेली असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड दुरुस्त करून घेतल्याशिवाय चालत नाही. तीस वर्षांपूर्वीची बॅटरी, तेव्हा विक्रेत्याने 'सगळं चालू आहे' म्हटलं तरी समोर लावून दाखवा म्हणा.

माळावरचा_वारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. 'स्ट्रीट्स ऑफ रेज २' नक्की केलाय, ओळखीच्या एकाकडे अस्सल कॅसेट आहे. 'पनिशर'ही शोधतोय, दोन_बटणं यांचं म्हणणं पटलं. ५०/६० चं काम आधी करून घेतो, मग 'गोल्डन अॅक्स'. एकच विचारायचं राहिलं: पॅड तीन बटणांचे आहेत, सहा बटणांचे घ्यावे लागतील का?

पर्थकर

या तिन्ही खेळांना तीन बटणं पुरतात. सहा बटणांचा पॅड 'स्ट्रीट फायटर २' घेतलात तरच लागेल. तिथे मात्र त्याच्याशिवाय हाल होतात, कारण ठोसे आणि लाथा यांच्यात स्टार्टचं बटण दाबून अदलाबदल करावी लागते.