पत्रिका उघडत नाहीये

ए-१०३, काकू: कुणाकडे लग्न आहे का हो? अनोळखी नंबरवरून पत्रिका आलीय, माझ्याकडे उघडत नाहीये. इथे टाकते, कुणाला दिसली तर सांगा.
📄 शुभविवाह_निमंत्रण_लग्नपत्रिका.एपीके

सी-४०२: काकू!! एपीके आहे ती!! कितीदा सांगायचं ग्रुपवर? एवढंही कळत नाही? 🤦

ए-१०३, काकू: सॉरी. काढून टाकते.
🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

ए-१०१, नाना: कितीदा सांगितलंस ते आत्ता वर जाऊन बघितलं. एकदा. तेही इंग्रजीत, आणि त्यात 'पेलोड' होता. मला एसटीच्या टपावरचं सामान आठवलं.

बी-२०४, ताई: कुणीही ती फाईल उघडू नका. काकू, 'इन्स्टॉल' दाबलं होतंत का? नुसती फाईल येऊन पडली असेल तर काही बिघडत नाही.

ए-१०३, काकू: दाबलं गं. मग फोन म्हणाला, इथून अ‍ॅप घ्यायला परवानगी देता का. पत्रिकेला कसली परवानगी? बंद केलं.

बी-२०४, ताई: तिथेच वाचलात. पत्रिका म्हणजे फोटो, पीडीएफ नाहीतर व्हिडिओ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप. ही असली अ‍ॅप्स बसली की एसएमएस वाचायची परवानगी मागतात. ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो.

ए-१०३, काकू: म्हणजे मी कुणाला सांगितला नाही तरी?

बी-२०४, ताई: हो ना! सगळीकडे 'ओटीपी सांगू नका' एवढंच ऐकलेलं असतं, हे कोण सांगतं?

बी-३०१: आणि बसलंच असेल तर?

बी-२०४, ताई: विमानाचं चिन्ह दाबून फोन नेटवर्कवरून तोडायचा, वायफायसुद्धा बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळवलं तर अडवता येतात. पिन, पासवर्ड त्याच फोनवरून बदलत बसायचं नाही.

सी-४०२: काकू, माझं चुकलं. घरी आईशीपण असाच बोलतो. हल्ली ती मला विचारतच नाही, शेजारच्या मुलाला विचारते.

ए-१०१, नाना: उन्हाळ्यात पंप अर्धा तास कोरडा चालवलास, आठवतंय? फूटव्हॉल्व्ह गळून पाइपातलं पाणी उतरलं होतं. 'इंजिनिअर ना तू' असं म्हटलं का मी? तुझ्याच हातून पाणी भरून पंप चालू करून घेतला.

सी-४०२: सील जळलं त्याचं बिलही माझ्याच हातून भरून घेतलंत नाना 😅

ए-१०३, काकू: ते शेवटचं एपीके मला दिसलंच नव्हतं. नाव लांबलचक असलं की अर्धंच दिसतं.

सी-४०२: नावाखाली बारीक अक्षरांत साइज असते, तिच्या शेजारी प्रकार लिहिलेला असतो. संध्याकाळी येऊन दाखवतो.

बी-२०४, ताई: फोन काकूंच्या हातात राहू दे हं. तू खटाखट चार बटणं दाबून 'झालं' म्हणून निघून येतोस.

सी-४०२: हात मागे बांधून बसतो.

ए-१०३, काकू: साडेसातनंतर ये, मालिका संपते. थालीपीठ करते. पण मग लग्न कुणाचंच नाहीये का?