मदत हवी आहे: ओव्हरवर्ल्डमध्ये सेव्ह केलेला ब्लॉक डेटा नेदरमध्ये कोरा येतो

मंडळी, माइनक्राफ्टसाठी एक छोटा मॉड, म्हणजे गेममध्ये भर घालणारा प्रोग्राम, लिहितेय. फोर्ज (मॉड चालवणारी प्रणाली) १.२०.१, जावा १७. दोन ब्लॉक आहेत, सेंडर आणि रिसिव्हर. कांडीने आधी रिसिव्हरवर आणि मग सेंडरवर क्लिक केलं की जोडी जुळते. सेंडरला मिळालेला रेडस्टोन सिग्नल (गेममधली वीज म्हणा), ० ते १५ जो असेल तो, वायर न टाकता रिसिव्हरमधून बाहेर पडतो.

सिग्नल ब्लॉक एन्टिटीत (ब्लॉकला जोडलेल्या माहितीत) न ठेवता सेव्हडडेटात, म्हणजे जगासोबत सेव्ह होणाऱ्या वेगळ्या फाइलीत ठेवलाय, कारण रिसिव्हरचा चंक (जगाचा तो तुकडा) लोड नसेल तेव्हाही सेंडरला लिहिता यायला हवं. आत एक मॅप आहे: की म्हणून रिसिव्हरची ब्लॉकपॉस (x, y, z जागा), व्हॅल्यू म्हणून सिग्नल. दोन्ही ब्लॉक आपापल्या लेव्हलच्या (ज्या जगात ते आहेत त्याच्या) डेटास्टोरेजमधून तो उचलतात.

दोघं ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे गेमच्या मुख्य जगात असले की झकास चालतं. गेम बंद करून उघडला तरी सिग्नल कायम. पण रिसिव्हर नेदरमध्ये, म्हणजे पोर्टलपलीकडच्या वेगळ्या जगात (डायमेन्शनमध्ये) ठेवला की ० च्या वर जातच नाही. लॉगमध्ये दिसतं की सेंडर १५ लिहितो, रिसिव्हर वाचायला गेला की कन्स्ट्रक्टर पुन्हा चालतो आणि मॅप कोरा. सेटडर्टी (डेटा बदलला, सेव्ह कर असं सांगणारा कॉल) आहे, ते आधीच सांगून ठेवते. आणि नेदरमधल्या १ ब्लॉकला ओव्हरवर्ल्डमधले ८ या पोर्टलच्या गणिताचाही संबंध नाही, रिसिव्हरची जागा नेदरमध्येच उभं राहून घेतलीय. आता कुठे बघू?

प्रतिसाद १

डेटास्टोरेज प्रत्येक डायमेन्शनचं वेगळं असतं, ताई. ओव्हरवर्ल्डच्या फाइल वर्ल्ड फोल्डरमधल्या 'डेटा'त जातात, नेदरच्या 'डीआयएम-१'मधल्या 'डेटा'त, एंडच्या 'डीआयएम१'मधल्या. नाव एकच दिलं तरी फाइल वेगळ्या. सेंडर एका वहीत लिहितोय आणि रिसिव्हर दुसरीच उघडून बसलाय.

दोन्हीकडून सर्व्हर घ्या आणि त्याच्या ओव्हरवर्ल्डचंच डेटास्टोरेज वापरा. सर्व्हर चालू असेपर्यंत ओव्हरवर्ल्ड असतोच. फक्त हे क्लायंट साइडवर (खेळाडूच्या बाजूच्या कोडमध्ये) करू नका, तिथे लेव्हलकडे सर्व्हर मागितला तर नल, म्हणजे काहीच नाही, मिळतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण एवढंच केलंत तर दुसरा बग घरात घ्याल. सगळं एका मॅपमध्ये आलं की ओव्हरवर्ल्डमधला १००, ६४, १०० आणि नेदरमधला १००, ६४, १०० यांची की एकच होते. असा बग चार महिन्यांनी कुणाच्या तरी मोठ्या बेसमध्ये उगवतो आणि मग तो शोधताना जीव जातो. ब्लॉकपॉसऐवजी ग्लोबलपॉस वापरा, त्यात डायमेन्शनची रिसोर्सकी (ओळख) आणि जागा दोन्ही असतात. कोडेकही (डेटा लिहिणारा-वाचणारा कोड) तयार आहे, एनबीटीत (माइनक्राफ्टच्या सेव्ह फॉरमॅटमध्ये) लिहायला वेगळी खटपट नको. कांडीतही तेच साठवा.

आणखी एक. सेंडरमधून थेट नेदरची लेव्हल घेऊन गेटब्लॉकएन्टिटी करायचा, म्हणजे रिसिव्हरचा डेटा मागायचा मोह होईल. चंक लोड नसेल तर तो तिथल्या तिथे लोड होतो आणि सर्व्हर थ्रेड तेवढा वेळ अडकतो. आधी इझलोडेड विचारा. लोड असेल तर रिसिव्हरला कळवा, नसेल तर नुसतं मॅपमध्ये लिहून सोडून द्या. रिसिव्हर जागा झाला की स्वतः वाचेल. मात्र ते ऑनलोडमध्येच (ब्लॉक लोड होताना चालणाऱ्या कोडमध्ये) उरकू नका, शेजारचे चंक तेव्हा तयार असतीलच असं नाही. एक टिक (गेमच्या घड्याळाचा एक ठोका) शेड्यूल करा आणि शेजाऱ्यांना त्यात अपडेट द्या.

धागाकर्ती

चाललं! नेदरमधला दिवा लागला. दोघांचे आभार. ग्लोबलपॉसचं डोक्यातच आलं नसतं.

आता एकच प्रश्न. मैत्रिणींच्या सर्व्हरवर जुना मॉड चालू आहे, बऱ्याच जोड्या आहेत. जुनी फाइल वाचून नव्यात ओतता येईल का?

प्रतिसाद २

सिग्नल ओतायची गरजच नाही. सेंडर लोड झाला की त्याला सध्याचा सिग्नल पुन्हा लिहायला लावा, मॅप आपोआप भरेल. अडचण सेंडरमध्ये साठवलेल्या लक्ष्याची आहे, तिथे डायमेन्शन लिहिलेलंच नाही. ते वाचताना नसेल तर सेंडरचंच डायमेन्शन धरा. एकाच डायमेन्शनमधल्या जोड्या त्याने टिकतील. नेदरकडे जाणाऱ्या तशाही कधी चालल्या नव्हत्या, त्या कांडीने परत जुळवायला सांगा. नव्या फाइलला नाव मात्र वेगळं द्या.