मदत हवी आहे : ठाण्यात कॉलेजचा रोइंग संघ उभा करायचाय, सुरुवात कुठून करू?

कोपरीकर
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो. व्यवस्थापनाच्या मनात रोइंगचा (वल्ह्यांच्या बोटींच्या शर्यतीचा) संघ भरलाय आणि काम माझ्याकडे आलंय. मुलं-मुली मिळून चाळीस नावं आलीत, बहुतेक कबड्डी आणि खो-खोवाले. मंजूर रकमेत एक जुनी ‘एट’ (आठ जणांची) बोट येते किंवा चार अर्गोमीटर (‘अर्ग’, जमिनीवर वल्हवण्याचा सराव करायची मशीन), दोन्ही नाही. पाणी म्हणाल तर खाडी.
बोट घेऊ की अर्ग? खाडीत सराव जमेल का? चाळिसातून निवड कशी करू? आणि पुढे रोइंग प्रशिक्षक म्हणूनच काम करायचं तर कोणतं शिक्षण लागतं?

स्प्लिट_दोनशून्य
अर्ग घ्या सर, डोळे मिटून. एटला आठ वल्हेकरी आणि एक कॉक्स (बोटीला दिशा आणि वल्हेकऱ्यांना हाका देणारा) असे नऊ जण रोज लागतात. एकाची प्रॅक्टिकल आली की सतरा मीटरची बोट रॅकवर. रेसिंग एटचं वजन किमान ९६ किलो असतं, जुनी आणखी जड. ती ठेवायला शेड आणि हलवायला लांब ट्रेलर हवा. जुन्या एट स्वस्तात मिळतात त्या याच कारणाने.

एका अर्गला साधारण २.७ बाय १.२ मीटर जागा धरा. मशीन आल्यावर पोरं पहिली खोडी करतात ती पंख्याच्या बाजूचा दांडा १० वर नेण्याची, म्हणजे म्हणे जास्त व्यायाम. तसं नसतं. त्याने फक्त हवा जास्त आत येते आणि ओढ जड, संथ होते. तंत्र कच्चं असेल तर भार कमरेवर जातो. दांड्याचा आकडा बघूच नका, मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर (पंख्याला हवेचा खरा अडथळा किती ते सांगणारा आकडा) बघा. मुलांना १२० ते १३०, मुलींना ११० ते ११५ पुरे. पंख्याच्या जाळीत धूळ साठली की त्याच दांड्यावर ड्रॅग घसरतो, म्हणून महिन्याने तपासा, नाहीतर दोन मशीनवरच्या वेळांची तुलना फसवी ठरेल.

आपल्याकडच्या दमट हवेत साखळी गंजते. साधारण ५० तासांच्या वापरानंतर कापडावर थोडं मिनरल ऑइल घेऊन साखळीवरून फिरवा. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो सॉल्व्हंट आहे, आतलं वंगण धुऊन नेतो. सीट धावते तो रूळ रोज ओल्या फडक्याने पुसा. घाम वाळून काळा थर झाला की सीट खडखडते.

पहिले तीन आठवडे २००० मीटरची चाचणी नको. आधी २० मिनिटं, मिनिटाला २० स्ट्रोकच्या वर न जाता. मग २०००. नव्या मुलांचे ८:००च्या आसपासचे आकडे येतील, घाबरू नका. मुलांना एक गोष्ट फळ्यावर लिहून दाखवा : ५०० मीटरचा स्प्लिट (तेवढ्या अंतराला लागणारा वेळ) २:१० म्हणजे साधारण १५९ वॅट, २:०० म्हणजे २०३, १:५० म्हणजे २६३. पहिले दहा सेकंद ४४ वॅटमध्ये मिळतात, पुढच्या दहांना ६० लागतात. ‘आता सुधारणा थांबली’ ही ओरड निम्मी या गणितामुळे असते.

उधाण_भांग
अर्गला सहमत, पण कारण वेगळं. खाडी तुम्हाला रोज पाणी देणारच नाही.

तिथीला पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. कॉलेजच्या पोरांना सकाळी ६ ते साडेसात एवढाच वेळ. त्या दिवशी काठावर गेलात तर समोर पाणी नाही, गुडघाभर चिखल. खाडीच्या आत, ठाण्याच्या बाजूला भरती मुंबई बंदरापेक्षा उशिरा पोचते. तेव्हा सप्तमी ते दशमी असे पक्षात चार, फार तर पाच दिवस तुमच्या वेळेला बसतात. बरं, हे दिवस भांगाचे. पाण्याला ओढ कमी, नवख्यांना तेच हवं. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, भरती येते भर दुपारी, तेव्हा खारे वारे सुटलेले, पाण्यावर लाटा. उरलेले दहा दिवस अर्ग. वेळापत्रक पंचांग समोर ठेवून करा, नक्की वेळा भरतीच्या छापील कोष्टकातून घ्या.

नियम एकच पक्का ठेवा : भरतीच्या आधी तासभर पाण्यात, पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात बाहेर. बोटीखालच्या फिनला (बोट सरळ ठेवणाऱ्या पात्याला) अर्धा-पाऊण मीटर खोली लागते. उतरत्या पाण्यात बोट चिखलावर बसली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. चालत येऊ म्हणणारा कमरेपर्यंत रुततो.

जून ते सप्टेंबर पाणी विसरा.

कोपरीकर
हे पंचांगाचं डोक्यातच आलं नव्हतं. मग खाडीसाठी बोट कोणती? शिवाय कॉलेजच्या जिममधल्या एका जुन्या अर्गवर सुरुवात केलीय, तर दोघांची कंबर धरली. पुढे झुकताना सगळे अंग टाकून देतात.

उधाण_भांग
कोस्टल, म्हणजे लाटांच्या पाण्यासाठी केलेल्या बोटी बघा. कोस्टल सिंगल (एकट्याची) ६ मीटरची आणि किमान ३५ किलोची. रेसिंग सिंगल आठ मीटरच्या आसपास आणि १४ किलोची. कोस्टलचा मागचा भाग उघडा, आत आलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. लॉस एंजेलिस २०२८ पासून बीच स्प्रिंट (किनाऱ्यावरून धावत जाऊन कोस्टल बोटीने मारायची छोटी शर्यत) ऑलिंपिकमध्येही आहे.

जुनं_वल्हं
इथे मी थोडा वेगळा पडतो. कोस्टल बोट इतकी स्थिर की मुलांना तोल कळतच नाही, आणि आंतरविद्यापीठ शर्यत सपाट पाण्यावर रेसिंग बोटीतच होते. २०२३ मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतलं रोइंग गोरखपूरच्या रामगढ तालावर झालं, खाडीत नाही. माझ्या मते खाडीत कोस्टल डबल (दोघांची, किमान ६० किलो, साडेसात मीटर), आणि दिवाळीच्या सुट्टीत सपाट पाण्यावर शिबिर. पुण्यात मुळा नदीवर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा बोट क्लब १९२८ पासून आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर आधीच पत्र पाठवा. सुरुवात दोन वल्ह्यांनी, म्हणजे स्कलिंगने. एका वल्ह्याच्या स्वीपमध्ये पाठ एकाच बाजूला वळते, कच्च्या कंबरेला ते नको.

कंबरेबद्दल : बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक. हात आधी वाकतात. किंवा पाय ढकलताना बूड मागे सरकतं आणि हँडल जागेवरच राहतं, मग कंबरेने ओढून भरपाई होते. किंवा पुढे येताना गुडघे आधी वर येतात, हात त्यांच्यावरून उचलावे लागतात आणि शेवटी अंग पुढे फेकलं जातं. तुमच्यांचं हे तिसरं दिसतंय. परतीचा क्रम हात, धड, पाय. हात गुडघ्यांपलीकडे गेले, धड कंबरेतून पुढे कललं, मगच गुडघे वाकवायचे. दहा मिनिटं सीट न हलवता फक्त हात-धड, मग अर्धी सरक, मग पूर्ण. ओढण्याला एक मात्रा, परतीला दोन. कंबर धरलेल्या दोघांना दुखणं थांबेपर्यंत अर्गवर बसवू नका, आणि पायात कळ जात असेल तर थेट डॉक्टर.

निवडीचं : आधी पोहणं. अंगावर कपडे ठेवून १०० मीटर, मग पाच मिनिटं तरंगणं, पालिकेच्या तरणतलावात. नापास म्हणजे पाण्यावर नाही, कितीही दणकट असो. मग उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी मोजा, पण सगळ्यात जास्त वजन सहा आठवड्यांच्या हजेरीला द्या. कबड्डीवाल्यांचे पाय झकास, दम पाचव्या मिनिटाला संपतो. त्यांना धावायला पाठवा. उशिरा सुरुवात हा अडसर नाही. दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंगकडे वळले आणि रिओ २०१६ ला सिंगल स्कल्समध्ये १३वे आले. आवाज खणखणीत आणि डोकं थंड अशी एक मुलगी कॉक्स म्हणून आत्ताच हेरून ठेवा. वजन ५५ किलोपेक्षा कमी असेल तर फरक वजन ठेवून भरतात.

करिअरचं थोडक्यात. कॉलेजात क्रीडा संचालकाचं कायम पद हवं तर शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट. नुसती प्रशिक्षकाची कामं बहुतेक कंत्राटी, वर्षाला नूतनीकरण. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा त्यात उपयोगी; त्या वर्षीच्या जाहिरातीत रोइंग आहे का ते बघा. पद सोडून फक्त कोचिंगवर घर चालवायचं धाडस इतक्यात करू नका.

नाखवा_सारसोळे
सर, उतरायची जागा ठरवण्याआधी कोळीवाड्यात जा. चेंदणी असो, दिवाळे असो की आमचं सारसोळे, जाळी आणि खुंट कुठे रोवलेत ते आम्हाला ठाऊक. भरतीला खुंट पाण्याखाली जातात, दिसत नाहीत. पातळ बोट त्यावर गेली तर चिरते. पुलाच्या खांबांपासून लांब राहा, तिथे पाणी आडवं ओढतं.

ऐरोली ते वाशी पुलाच्या मध्ये पश्चिमेचा काठ फ्लेमिंगो अभयारण्याचा, तिथे कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय नाही. जेट्टी वापरायची तर मेरीटाइम बोर्ड.

कोपरीकर
नाखवा, रविवारी येतो. बरोबर इंजिनवाली बोट ठेवावी लागेल ना?

नाखवा_सारसोळे
लागेलच. नवख्यांच्या दोन बोटींना एक होडी, त्याहून जास्त नको. होडीत जादा लाइफ जॅकेट, दोर, धारदार सुरी. उलटले तर पोरांनी बोट सोडायची नाही, धरून राहायचं. पोहत काठाकडे निघालेला सापडत नाही. बोटीच्या हवाबंद कप्प्यांची झाकणं पाण्यात जाण्याआधी लावलीत का ते स्वतः हात लावून बघा. परत आल्यावर गोड्या पाण्याने बोट, नटबोल्ट, रूळ धुवायचे आणि झाकणं उघडी ठेवायची. रविवारी दुपारी या, सकाळी आम्ही पाण्यावर.