बेकेलाइट लॅप स्टील घेताना चुंबकाची रुंदी मोजावी

रिकनबॅकर या अमेरिकी कंपनीच्या जुन्या लॅप स्टील गिटारची किंमत तिच्या चकाकीवरून ठरवावी, असे काही जण मानतात; त्या मताशी मी सहमत नाही. हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवत वाजवतात. तारा पट्टीवर दाबल्याच जात नसल्याने पडदे झिजण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि खरे मोल पिकअपमध्येच, म्हणजे तारांच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या चुंबक-वेटोळ्याच्या भागातच असते. १९३५ मध्ये आलेल्या, बेकेलाइट या कडक प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये तारांना कवेत घेणारे दोन नालाकृती चुंबक दिसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे चुंबक दीड इंच रुंद, तर नंतरचे सव्वा इंच असतात, आणि दीड इंचीसाठी जाणकार वादक आनंदाने जास्त पैसे मोजतात. क्षीण झालेले चुंबक पुन्हा चुंबकित करता येतात. मात्र पिकअपमधील बारीक तारेचे वेटोळे नव्याने गुंडाळलेले असेल, तर विक्रेत्याने ते आपणहून सांगितलेच पाहिजे. बेकेलाइट ठिसूळ असते, त्यामुळे खुंट्यांजवळ आणि मान धडाला जोडलेल्या जागी बॅटरीचा तिरका उजेड पाडून केसाएवढी भेगही शोधावी. विकणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की, जास्त पैशांसाठी पिकअप काढून वेगळे विकू नये. असे सुटे केलेले वाद्य पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य असते.