जुन्या रेमिंग्टन मॉडेल ११ बंदुकीला मागून बफर (धक्का झेलणारी चकती) लावू का?

मोहॉकतीर
नमस्कार मंडळी. मी न्यूयॉर्क राज्यात यूटिकाजवळ राहते. आमच्या शेजारच्या आजोबांची सगळी नोकरी इलियनच्या रेमिंग्टन कारखान्यात झाली. मागच्या हिवाळ्यात ते गेले. आजींनी त्यांची बारा बोअरची मॉडेल ११ मला घ्यायला लावली, "तू नेमबाजीच्या क्लबात जातेस, तूच वापर" म्हणाल्या. दुकानातून रीतसर तपासणी होऊन ती माझ्या नावावर झाली. ज्या कारखान्यात ही बंदूक घडली तो २०२४च्या मार्चमध्ये बंद पडला, त्यामुळे ती नीट राहावी असं मला फार वाटतं.

रविवारी ट्रॅपच्या (उडत्या मातीच्या चकत्या फोडायच्या नेमबाजीच्या) दोन फेऱ्या करते, म्हणजे ५० काडतुसं. ३२ ग्रॅम छऱ्यांची, दुकानात सहज मिळतात ती. दुसऱ्या फेरीच्या शेवटी खांदा ठणकतो, आणि प्रत्येक बार उडाला की आत लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा खणकन आवाज येतो. क्लबातल्या एका जाणत्यानं बंदूक उघडून दाखवली. रिसीव्हरच्या (नळीमागच्या लोखंडी खोक्याच्या) मागच्या भिंतीला चिकटून तपकिरी चुरा होता, एका कडेला तेवढा चकतीचा तुकडा शाबूत. ऑनलाइन पॉलियुरेथेनचे बफर मिळतात. घेऊन लावू का? खांद्याला आराम पडेल का?

कृष्णाकाठ
ताई, लावून टाका. माझ्याकडे गॅसवर चालणारी नवी बंदूक आहे, तिला मी लावलाय. आवाज मऊ झाला. खांद्याला काही फरक पडल्याचं मात्र सांगता येणार नाही.

लेथवाला
ताई, थांबा. ऑर्डर देऊ नका अजून. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आधी पिंपरीत, मग इकडे, आणि माझी स्वतःची मॉडेल ११ तीन वेळा पूर्ण खोललेली आहे.

कृष्णाकाठ यांची बंदूक वेगळ्या जातीची. तुमची जॉन ब्राउनिंग या बंदूक रचनाकाराच्या रचनेची, बेल्जियममध्ये जी ऑटो-५ म्हणून निघाली तिचीच अमेरिकन बहीण. हिच्यात बार उडाला की नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा) एकमेकांत अडकूनच पूर्ण मागे येतात. मग नळी एकटी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि नंतर बोल्ट पुढे येतो. एवढं वजन मागे येताना थोपवायचं काम मुख्यतः बफरचं नाही. ते काम पुढच्या लाकडाखाली, मॅगझिनच्या (काडतुसं साठवायच्या) नळकांड्यावरची जाड स्प्रिंग आणि ब्रेकच्या कड्या करतात. एक कडी पितळेसारखी, चिरलेली. दुसरी पोलादी, आतून एका बाजूला उतार असलेली.

भारी काडतुसाला पोलादी कडी स्प्रिंगच्या पुढे हवी, उताराची बाजू पितळी कडीकडे. नळी मागे आली की उतार पितळी कडीला आवळतो आणि ती नळकांड्याला घट्ट धरते. हलक्या काडतुसाला पोलादी कडी काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवायची. मला दाट शंका आहे की तुमची बंदूक हलक्या मांडणीवर आहे आणि तुम्ही ३२ ग्रॅम उडवताय. ब्रेक पुरेसा लागत नाही, आणि सगळा मार मागच्या भिंतीवर पडतो.

तो चुरा म्हणजे मूळचा फायबरचा बफर. म्हणजे तुम्ही नवीन काही जोडत नाही, गेलेला भाग परत बसवताय. तो हवाच, कारण तो नसताना लोखंड लोखंडावर आपटून रिसीव्हरला तडा जाऊ शकतो. पण तो वाचवतो बंदुकीला, तुमच्या खांद्याला नाही.

आणि जाडी. शाबूत राहिलेल्या कडेला व्हर्नियर लावा आणि तेवढीच ठेवा. जाड चकती बसली की बोल्ट पुरता मागे जात नाही, त्याला मागे धरून ठेवणारी अडणी लागत नाही, तो नळीच्या मागोमाग पुढे येतो आणि रिकामं काडतूस आतच अडकतं. मग माणूस स्प्रिंगला दोष देत बसतो. मी स्वतः लाल फायबरच्या पत्र्यातून चकती कापली. विजेच्या जुन्या पॅनलमध्ये इन्सुलेशनला वापरतात तोच. तुमच्याकडे लेथ नसेल तर गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या, कारण मूळचा रिव्हेट काढताना रिसीव्हरला ओरखडा पडता कामा नये. त्याच खेपेला त्याच्याकडून चेंबरची (नळीत काडतूस बसायच्या जागेची) लांबी मोजून घ्या. इतक्या जुन्या बंदुकीत ते गृहीत धरू नये.

खोलण्याआधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे का ते डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा.

डावखुरा
खांद्याचं मी सांगतो, माझा एकदा सुजला होता. ३२ ऐवजी २४ ग्रॅमची काडतुसं घ्या. ऑलिंपिकची ट्रॅप आणि तिच्यासारखीच स्कीटही २४ ग्रॅमवरच होते, मातीची चकती फुटायला ती पुरतात. तेवढाच वेग आणि आठ पौंडांची बंदूक धरून मी हिशोब केला, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाहून जास्त उतरते. दुसरं म्हणजे दस्त्याची लांबी. आजोबा तुमच्यापेक्षा उंच असतील तर दस्ता तुम्हाला लांब पडतो, खांद्याच्या खोबणीत बसत नाही, दंडावर येतो. बघा एकदा आरशात.

मोहॉकतीर
लेथवाला काका, तुमचं तंतोतंत निघालं. पुढचं लाकूड काढलं तर पोलादी कडी पार मागे, रिसीव्हरला टेकलेली. आजींना विचारलं. म्हणाल्या, शेवटची काही वर्षं ते हलकीच काडतुसं आणायचे, खांदा दुखायचा म्हणून. म्हणजे त्यांची मांडणी बरोबर होती. चूक माझी, न बघता वेगळी काडतुसं भरली.

गनस्मिथनं शाबूत तुकड्यावरून मोजून फायबरची चकती बसवली. चेंबरही मोजलं, ठीक आहे. कड्या भारी मांडणीला लावून मी ३२ ग्रॅमची पाच उडवली, खणखण गेली. मग कडी परत मागे टाकली आणि २४ ग्रॅमवर आले. रविवारी २५ पैकी १९ चकत्या फुटल्या, एकही काडतूस अडकलं नाही. दस्ता मला लांबच आहे, पण आजोबांच्या हातचं लाकूड कापायला मन होत नाही. अंगाला पातळ जॅकेट ठेवलं की भागतंय.

एकच राहिलं. पुढच्या लाकडाला आतून केसाएवढी चीर दिसतेय, मागच्या टोकाकडून सुरू झालेली.

लेथवाला
ती चीर त्याच माराची आहे, या जातीच्या बंदुकांचं पुढचं लाकूड नेहमी तडकतं. आता वापरू नका तशी. तेल मुरलेलं असेल तर आधी ॲसिटोननं दोनतीनदा पुसून सुकू द्या, मग पातळ इपॉक्सी चिरेत ओढून घ्या आणि रात्रभर दोरीनं आवळून ठेवा. आणि मॅगझिनच्या नळकांड्यावर तेलाचा नुसता हात फिरवा. तिथं तेल वाहायला लागलं की पितळी कडी घसरते.